सल्ला हवा: ‘हिमगौरी आणि सात बुटके’ संगीत बालनाट्य, मुलं आणि पालक मिळून

मोरपंख
सोसायटीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात हिमगौरीची गोष्ट संगीत नाटक म्हणून करायची आहे. मुलं 24 (वयं 6 ते 13), पालक 7. नाटक 50 मिनिटांचं, मध्यंतर नाही. बंदिस्त सभागृह, साधारण 300 प्रेक्षक. रंगमंच 24 फूट रुंद, 16 फूट खोल, डावी-उजवीकडे एकेकच विंग. हातात 7 आठवडे, आठवड्याला 3 तालमी, प्रत्येकी 2 तास. पेटीवाले आणि ढोलकीवाले आमच्यातच आहेत. संहिता स्वतः लिहायची आहे. गाणी किती ठेवावीत, जादूचा आरसा आणि विषारी सफरचंद कसं करावं, आणि माईकचं काय करावं, यावर नेमका सल्ला हवाय.

कथासूत्र
लिहायला बसण्याआधी ग्रिम बंधूंची मूळ गोष्ट वाचा. बहुतेकांच्या डोक्यात डिस्नेचा 1937 चा चित्रपट असतो आणि नकळत तोच रंगमंचावर येतो. ग्रिमची गोष्ट 1812 साली छापली गेली. तिच्यावर आता कोणाचाही हक्क नाही, ती हवी तशी वापरा. चित्रपटातली बुटक्यांची नावं, गाणी आणि राणीचा तो ओळखीचा पोशाख मात्र घेऊ नका. बुटक्यांना ग्रिमने नावं दिलेलीच नाहीत, तेव्हा मुलांनाच ठेवू द्या.

त्याहून मोठं कारण नाटकाच्या दृष्टीने आहे. चित्रपटात राणी वेष पालटून एकदाच येते. मूळ गोष्टीत ती तीनदा येते: आधी चोळीची रेशमी नाडी घेऊन, मग विषारी फणी घेऊन आणि शेवटी सफरचंद घेऊन. रंगमंचाला यासारखी दुसरी देणगी नाही. पहिल्या वेळी प्रेक्षकांतली मुलं नुसती बघतात, दुसऱ्या वेळी ओळखतात, तिसऱ्या वेळी ‘दार उघडू नकोस!’ म्हणून ओरडतात. सगळं नाटक या तीन फेऱ्यांवर उभं करा. नाडीऐवजी रेशमी कमरपट्टा केलात तर आपल्या मुलांना लगेच कळेल.

शेवटी राजपुत्र चुंबन घेऊन जागं करतो, हेही चित्रपटातलं. ग्रिमकडे काचपेटी उचलून नेताना नोकर ठेचकाळतात, धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. 12-13 वर्षांच्या मुलामुलींना हाच शेवट करायला कितीतरी सोपा जातो.

सूरपेटी
वरच्या तीन फेऱ्यांना पूर्ण अनुमोदन. गाणी त्यावरूनच ठरतील.

आधी हिशेब. 7 गाणी, सरासरी अडीच मिनिटं, म्हणजे साडेसतरा मिनिटं. प्रवेशबदल 9 धरले तर 20 सेकंदांप्रमाणे 3 मिनिटं. संवादांना उरली साडेएकोणतीस. टाईप केलेलं एक पान मुलांच्या तोंडी दीड मिनिट घेतं, म्हणजे गाणी सोडून 19 पानांच्या पुढे जाऊ नका. हौशी संहिता नेहमी 30 पानांची होते आणि मग शेवटच्या आठवड्यात काटछाट करताना कोणा ना कोणा मुलाची वाक्यं जातात.

सात गाण्यांना सात वेगळ्या चाली नकोत, चारच पुरतात. आरशाचं ध्रुवपद नाटकभर परत परत येऊ द्या. दोनच ओळी, मुलांना पहिल्या ऐकण्यात पाठ होतील अशा:

आरशा आरशा, सांग खरे,
माझ्याहून सुंदर कोण बरे?

फेरीवालीची हाळीही एकच चाल, तीनदा. ‘पट्टा घ्या हो पट्टा, रेशमी पट्टा!’, मग ‘फणी घ्या हो फणी, चंदनी फणी!’, मग ‘फळं घ्या हो फळं, रसाळ फळं!’ पहिल्या फेरीला केरवा (8 मात्रांचा ताल), मिनिटाला 100 मात्रा. दुसरीला 88. तिसरीला 72, आणि पहिली ओळ ढोलकीशिवाय, नुसत्या पेटीच्या एका सुरावर. चाल तीच असूनही सभागृह शांत होतं.

पट्टी: मुलांना सा पेटीवरच्या पांढरी एक किंवा काळी एक या पट्टीचा, आणि चाल मध्य सा ते तार सा यातच. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरलात तर 6-7 वर्षांच्या मुलांचा आवाजच निघत नाही, तार गच्या वर गेलात तर मुलं ओरडायला लागतात. पुरुष पालक त्याच पट्टीत एक सप्तक खाली गातील, वेगळी पट्टी नको.

बुटक्यांच्या गाण्यात दोन मात्रांना एक पाऊल ठेवा. एका मात्रेला एक पाऊल दिलंत की लहान मुलं दुसऱ्या कडव्यात धापा टाकतात आणि शब्द गळतात.

मोरपंख
तीन फेऱ्यांची कल्पना सगळ्यांना आवडली. दोन शंका. राणीचं काम करणाऱ्या ताईंना तीनदा वेष कसा बदलता येईल? आणि गाणी स्टुडिओत रेकॉर्ड करून ट्रॅकवर करावीत असं काही पालकांचं म्हणणं आहे.

विंगेतली
राणीचा मूळ पोशाख काढायचाच नाही. वरून पुढे उघडणारा झगा आणि डोक्यावर ओढणी. झगा टाचेपर्यंत हवा, नाहीतर खालच्या पोशाखाचं जरीकाम चमकतं. बटणं-हूक नकोत, छातीवर आणि कमरेवर 4-4 इंच वेल्क्रो लावा. असं केलं की सरावाने 20 सेकंदांत काम होतं. तेवढा वेळ गाण्यातच काढा: 100 मात्रांच्या लयीत केरव्याची 4 आवर्तनं म्हणजे 19 सेकंद. राणी ज्या विंगेत जाते तिथेच झगा हवा आणि परत प्रवेशही तिथूनच. 16 फूट खोल रंगमंचावर मागून पलीकडे जायला वाट राहत नाही.

फेरीवाली दुसऱ्याच पालकाने करायचाही पर्याय आहे, बाबांपैकी कोणी केली तरी चालेल. ‘अलबत्या गलबत्या’च्या 2018 च्या प्रयोगांत चिंची चेटकीण वैभव मांगले यांनी केली आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली. पण मग हीच राणी आहे हे 5 वर्षांच्या प्रेक्षकाला कळायला खूण लागते. दोघांच्या हातात एकसारखा हिरवा हातमोजा घाला. आरशासमोर राणी तो हात उंच करते, फेरीवाली टोपलीतून वस्तू काढताना तोच हात पुढे येतो.

आता आरसा. खरा आरसा किंवा चकचकीत अ‍ॅक्रिलिक आणू नका, स्पॉटचा झोत थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. लाकडी चौकट 3 बाय 5 फूट, तिच्यावर काळी बारीक नेट ताणून. मागे 2 फुटांवर आरसा झालेला नट, त्याच्या मागे काळा पडदा. नेटवर प्रकाश बाजूने तिरका पडला की ती भिंतीसारखी अपारदर्शक दिसते. पुढचा प्रकाश उतरवून नटावर वरून निळसर-हिरवा सोडला की चेहरा हवेतून उगवल्यासारखा दिसतो. फसतं ते एकाच कारणाने: समोरच्या बारवरचा (दिवे टांगायच्या दांडीवरचा) दिवा थेट नेटमधून आत जातो आणि नट आधीपासूनच दिसत राहतो. त्या प्रवेशात समोरचे मधले दिवे बंदच ठेवा. आणि नेट सैल नको, सुरकुती पडली की तिथेच उजेड पकडते.

सफरचंद खरं नको. गाता-गाता खाल्लेला तुकडा खरोखर घशात अडकू शकतो. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे, आणि स्प्रे रंगाने थर्माकोल विरघळतोही. 3 इंची रबरी चेंडूवर कागदाच्या लगद्याचा पाव इंच थर द्या, 3 दिवस सुकवा, मग पोस्टर रंग आणि वरून पातळ फेविकॉलचा हात. मूळ गोष्टीत सफरचंदाचा लाल अर्धाच विषारी आहे. राणी पांढरा भाग स्वतः खाऊन दाखवते म्हणून हिमगौरी फसते. म्हणून अर्धं लाल, अर्धं पांढरं रंगवा, आणि सीमारेषा शेवटच्या रांगेतून दिसेल इतकी ठळक. घशातून पडणारा तुकडा वेगळा करून हिमगौरीच्या मुठीत आधीपासून द्या, तोंडात अजिबात नको.

काचपेटीसाठी प्लास्टिकचा कागद चेहऱ्यावरून कधीही घेऊ नका. 1 फूट उंचीची लेव्हल (लाकडी चौथरा), 6 बाय अडीच फूट, खाली ब्रेकवाली चार चाकं, डोक्याशी आणि पायाशी वेताच्या कमानी आणि त्यावर पांढरी नेट. मुलीला कोणी उचलायचं नाही. दोन पालक लेव्हल 3 फूट ढकलतात, एक जण ठेचकाळल्याचं दाखवतो, ढोलकीवर एक जोरदार थाप, आणि तुकडा मुठीतून सुटतो.

धुराचा मोह होईल. कोरड्या बर्फाचा धूर जमिनीलगत साचतो, तो कार्बन डायऑक्साइड असतो, आणि नेमकी त्याच उंचीवर तुमची हिमगौरी आणि सर्वांत छोटी मुलं असतात. तो नकोच. धुराच्या यंत्राने फरशी बुळबुळीत होते, तेही नाचाच्या आधी टाळा.

ध्वनिवेडा
ट्रॅकबद्दल: हाताशी पेटी आणि ढोलकी असताना ट्रॅक घेऊ नका. मूल एक ओळ विसरतं, ट्रॅक पुढे निघून जातो, आणि मग 24 मुलं दोन गट पडून गातात. पेटीवाला दोन आवर्तनं थांबू शकतो. ट्रॅक हवाच असेल तर फक्त पार्श्वसंगीताला वापरा: जंगल, वादळ, राजवाडा. प्रत्येक तुकडा वेगळी फाईल, लॅपटॉप एअरप्लेन मोडवर, सूचनांचे आवाज बंद. लॅपटॉप चार्जरवर लावल्यावर घूं असा आवाज आला तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (ही घरघर तोडणारी छोटी पेटी) लावा. त्यासाठी अर्थिंगची पिन काढणारे लोक भेटतात, ते जिवाशी खेळणं आहे, करू देऊ नका.

24 मुलांना 24 कॉर्डलेस माईक हा विचार सोडून द्या. डोक्याला लावायचे 4 पुरेत: हिमगौरी, राणी, आरसा, निवेदक. रंगमंचाच्या पुढच्या कडेला 3 फूटमाईक. गाणारा 8-10 मुलांचा गट एका बाजूला बसवा, त्यांच्यासमोर स्टँडवर 2 माईक. माईक तोंडापासून 2 फुटांवर असेल तर दोन माईकमध्ये किमान 6 फूट अंतर हवं, नाहीतर आवाज पोकळ येतो. स्पीकर नेहमी फूटमाईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे. मागे ठेवलेत की शिट्टी वाजणारच.

सेल नवे, प्रयोगाच्या अर्धा तास आधी घातलेले. आणि ध्वनियंत्रणेवर बसणाऱ्याच्या हातात खुणा केलेली संहिता हवी: कोणत्या वाक्याला कोणता माईक चालू, कोणत्या वाक्यानंतर बंद. हे केलं नाही तर विंगेतलं ‘माझी टोपी कुठाय?’ सगळ्या सभागृहाला ऐकू येतं.

टाकेदोरा
बुटके 6 ते 8 वर्षांच्या मुलांनाच द्या. मोठ्या मुलांना गुडघ्यावर चालवू नका, गुडघे सोलवटतात आणि नाचताही येत नाही. उंचीचा भास टोपीने होतो: टोपी 14 इंच उंच, आत कॅनव्हासचं अस्तर, हनुवटीखाली इलॅस्टिक. दाढी फरच्या कापडाची, वरची कड खालच्या ओठाच्या खाली, म्हणजे शब्द अडत नाहीत. दाढीवाल्या मुलाला छातीवर माईक लावू नका, नुसती खरखर येते. सॅटिनचे बूट-मोजे लाकडी रंगमंचावर घसरतात, तळव्याला रबराचा तुकडा शिवा.

हिमगौरीचा पोशाख रंगीत तालमीच्या आधी 3 तालमी घालायला द्या. घेर पायात येतो तो पायऱ्यांवर, आणि ते त्या दिवशी कळून उपयोग नाही.

मोरपंख
खूप आभार. एका गोष्टीवर आमच्यात मतभेद आहेत. राणीचा शेवट. मूळ गोष्टीत तिला तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचायला लावतात. हे मुलांपुढे कसं आणायचं? शिवाय सावत्र आई वाईटच, हे दाखवावं का? आमच्याकडे सावत्र आईसोबत राहणारी मुलंही आहेत.

कथासूत्र
दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, तो विचारलात हे बरं झालं. 1812 च्या पहिल्या आवृत्तीत राणी ही हिमगौरीची सख्खी आईच आहे. सावत्र आई 1819 च्या आवृत्तीत आली. म्हणजे गोष्टीचा गाभा नात्यात नाही, मत्सरात आहे. संहितेत ‘सावत्र’ हा शब्द एकदाही न वापरता फक्त ‘राणी’ म्हणा. काहीही अडत नाही.

बुटांबद्दल माझं मत: शिक्षा हवी, कारण तीन वेळा फसवणूक पाहिलेल्या मुलांना न्याय पाहायचा असतो. आरसा कायमचा विझतो, हीच शिक्षा. राणी ध्रुवपद म्हणते, उत्तर येत नाही, पुन्हा म्हणते, नेटवर तिचीच सावली पडते.

सूरपेटी
थोडं वेगळं सुचवतो. नुसता काळोख लहानांना समजत नाही. राणीला नाचू द्याच, पण आगीचे बूट न दाखवता. ध्रुवपद 72 पासून वाढत 140 मात्रांपर्यंत न्या, ती गिरक्या घेत विंगेत जाते, आणि थाप बंद. मग आरसा विझतो. दोन्ही कल्पना 40 सेकंदांत बसतात.

विंगेतली
तालमींचा क्रम: पहिले 2 आठवडे फक्त गाणी आणि संहितेचं वाचन, बसून. तिसऱ्या-चौथ्यात हालचाली, आणि जमिनीवर 24 बाय 16 फुटांची चौकट चिकटपट्टीने आखूनच, नाहीतर मुलं मोकळ्या हॉलच्या अंतराची सवय करून घेतात. चौथ्याच्या शेवटी हातातली संहिता बंद. पाचव्यात खऱ्या वस्तू, म्हणजे टोपली, सफरचंद, चौकट. सहाव्यात सलग प्रयोग, घड्याळ लावून, मध्ये न थांबवता. सातव्यात एक तालीम फक्त दिवे आणि माईकसाठी, मुलांशिवाय, आणि दोन रंगीत तालमी. मुलांना उभं ठेवून दिवे लावत बसलात तर ती रंगीत तालमीला दमलेली येतात.

पुढे कधी तिकीट लावून नाट्यगृहात प्रयोग करायचा विचार असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल, संहिता वेळेवर पाठवा. आणि हे नाटक कधी सोसायटीच्या आवारात उघड्यावर केलंत तर रात्री 10 च्या ध्वनिक्षेपक मर्यादेच्या आत संपेल अशी वेळ धरा. 50 मिनिटांच्या नाटकाला 8 ला घंटा द्यायची तर मुलं साडेपाचला रंगभूषेला बसलेली हवीत, आणि बुटक्यांची जेवणं दाढ्या लावायच्या आधी.