लेट-७ ची पातळी ३६ तासांना दर वेळी वेगळी का येते?

अगारथाळी: सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीच्या एन२ या प्रमाण वाणात लिन-४ आणि लेट-७ हे मायक्रोआरएनए (जनुकांवर अंकुश ठेवणारे छोटे आरएनए) मोजतोय. ब्लीच करून अंडी काढली, उबलेल्या अळ्या एम९ या क्षारद्रावणात २० अंशांवर रात्रभर उपाशी ठेवल्या, मग ओपी५० या खाद्य-जिवाणूंवर सोडल्या. खाद्य दिल्यावर १२, २४, ३६, ४८ तासांनी नमुने. आरएनए साध्या सिलिका कॉलमवर शुद्ध केला. लिन-४ व्यवस्थित येतो, पण ३६ तासांचा लेट-७ एका संचात जवळपास नाही, दुसऱ्यात भरपूर. सीटीत (पीसीआरमध्ये संकेत दिसू लागतो त्या चक्राच्या क्रमांकात) चारचा फरक. कुठे चुकतंय?

कातटाकी: ३६ तास ही वेळच काठावरची आहे. २० अंशांवर त्या सुमारास अळ्या एल३ या तिसऱ्या अवस्थेची कात टाकून एल४ या चौथ्या अवस्थेत शिरतात आणि परिपक्व (कापून तयार झालेला) लेट-७ त्याच टप्प्यावर चढतो. इनक्युबेटर एखाद्या अंशाने हलला किंवा गर्दीने खाद्य संपलं, तरी दोन-तीन तास सरकतात. म्हणून नमुना घड्याळावर नको, अळीवर घ्या. दर नमुन्यातल्या २०–३० अळ्या लेव्हामिसोल (हालचाल थांबवणारं औषध) घालून अगारच्या पातळ थरावर डीआयसी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. एल३ मध्ये जननग्रंथीच्या भुजा वळू लागतात. एल४ च्या मध्यावर योनिद्वाराची पोकळी ख्रिसमसच्या झाडासारखी दिसते. नव्वद टक्के अळ्या एकाच अवस्थेत नसतील तर तो नमुना वापरूच नका. २८ ते ४० तासांत दर दोन तासांनी नमुना घेतलात, तर चढ स्पष्ट दिसेल.

छोटाआरएनए: साधा कॉलम २०० न्यूक्लिओटाइडांखालचे आरएनए बरेचसे धुऊन टाकतो, तेही दर वेळी कमीजास्त. त्याच नमुन्यात लिन-४ स्थिर असेल तर मुख्य दोष कॉलमचा नाही, तरी बदलाच. ट्रायझॉल या आरएनए काढण्याच्या द्रावणात द्रव नायट्रोजन आणि ३७ अंश असे चार-पाच फेरे द्या, नाहीतर क्युटिकल (अळीचं चिवट बाह्य आवरण) फुटत नाही. मग कॉलमवर चढवताना वरच्या पाण्याच्या थराच्या १.५ पट शुद्ध इथेनॉल घाला.

अगारथाळी: आणि प्राथमिक लेट-७ चे (जनुकावरून बनणाऱ्या मूळ लांब प्रतीचे) प्रायमर आहेत, त्यांनी पडताळलं तर?

कातटाकी: फसाल. प्राथमिक प्रत लवकरच्या अवस्थांतही बनते आणि कातीच्या चक्रासोबत वरखाली होते. तिच्यापासून परिपक्व रेणू घडणं लिन-२८ हे प्रथिन रोखून धरतं. परिपक्व रेणूचीच डीएनए प्रत बनवणारी स्टेम-लूप आरटीच वापरा. मिर-४८, मिर-८४, मिर-२४१ हे त्याच कुटुंबातले, म्हणून प्रत्येकाचा कृत्रिम आरएनए घालून तुमचा प्रोब चुकून त्यांनाही कितपत पकडतो ते आधी तपासा. तुलनेसाठी यू१८ हा स्थिर छोटा आरएनए ठेवा. लेट-७ ज्याला दाबतो त्या लिन-४१ जनुकाचा एमआरएनएही मोजा: लेट-७ चढताना तो उतरायला हवा.