मूत्राशयाचं अस्तर नुसतं ताणलं जात नाही

भाऊ, वर तुम्ही लिहिलंत की लघवी दाबून ठेवली तर मूत्राशयाचं अस्तर फुग्यासारखं पातळ होऊन शेवटी फाटतं. पातळ होतं, पण ते रबर नव्हे. सगळ्यात आतल्या बाजूच्या छत्री-पेशी मूत्राशय रिकामं असताना फुगीर असतात आणि त्यांच्या पोटात पटलाच्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या, बारीक थैल्या साठवलेल्या असतात. लघवी साचू लागली की पेशी चपट्या होतात, थैल्या वर येऊन पृष्ठभागात मिसळतात आणि पेशीचं क्षेत्रफळ खरोखर वाढतं. लघवी होऊन गेली की जादा पटल परत आत ओढलं जातं. किती सुरेख व्यवस्था आहे ही!

ताणाची जाणीवही या पेशींना असते. पिएझो वाहिन्या, म्हणजे ताण पडला की उघडणारी पटलातली दारं, उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, पेशी एटीपी नावाचं निरोप पोचवणारं रसायन सोडतात आणि जवळच्या नसांना खबर लागते. या वाहिन्यांच्या शोधासाठी आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

खरा धोका जंतूंचा. छत्री-पेशींवर युरोप्लाकिन प्रथिनांचा थर असतो. तो लघवी झिरपू देत नाही, पण ई. कोलाय हे आतड्यातले जंतू नेमके त्यालाच चिकटतात. आमच्या यवतमाळकडे कापूस वेचणीच्या दिवसांत वावरात आडोसा नसतो म्हणून बाया पाणीच टाळतात, दुपारी भाकरीवर जेमतेम दोन घोट. मग लघवी पिवळीजर्द, कमी वेळा, आणि जंतू धुऊन जात नाहीत. वावरमालकांनी धुऱ्यावर चार बांबू रोवून ताडपत्री बांधावी. एवढं वेचणीआधी झालंच पाहिजे.