कंट्रोलचे धान्य घेणाऱ्यांसाठी रोजगार-प्रशिक्षण: आधी काय वाढवावे?

प्रश्न (मालवा मिल परिसर, इंदूर):
आमचे महिला मंडळ या भागात शिलाईचे वर्ग चालवते. येणाऱ्या बहुतेक भगिनींकडे पात्रता पर्ची, म्हणजे कंट्रोलचे (रेशनचे) धान्य मिळण्याची चिठ्ठी आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, त्यामुळे चूल पेटते. पण घरभाडे आणि शाळेचा खर्च निघत नाही, म्हणून त्यांना काम शिकायचे आहे. तरीही थोड्याच दिवसांत हजेरी निम्म्यावर येते. अधिक जागा मागाव्यात, की दुसरे काही करावे?

उत्तर (परदेशीपुरा):
जागा वाढवण्याआधी बुडणाऱ्या मजुरीचा विचार करा. धुणीभांडी करणारी बाई दिवसभर वर्गात बसली, तर तिची घरे सुटतात आणि सुटलेले घर सहसा परत मिळत नाही. 2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणकाळात रोज 500 रुपये विद्यावेतन आहे, आणि अवजारांसाठीच्या 15,000 रुपयांपेक्षा मला तेच मोलाचे वाटते. मात्र ती योजना शिंपी, सुतार, लोहार अशा 18 धंद्यांत आधीच काम करणाऱ्यांसाठी आहे, नवशिक्यांसाठी नाही. आपल्या वर्गाची वेळ दुपारी ठेवा, म्हणजे कामाची घरे सुटणार नाहीत. शिवाय पायडलच्या मशीनवर शिकलेली बाई रेडिमेडच्या कारखान्यात गेली की अडते, कारण तिथल्या जुकीवर (विजेच्या वेगवान शिलाई मशीनवर) पाय जरा जोरात पडला तरी कापड सरळ पुढे पळते आणि शिवण वाकडी होते. निदान शेवटचे काही दिवस तिचा हात त्याच मशीनवर बसू द्यावा.

उत्तर (राजेंद्रनगर):
हजेरी घटण्यामागे भीतीही असते. वर्गात नाव लिहिले की पर्चीतून नाव कटेल, असा समज वस्त्यांत आहे. तो खोटा आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावे.

उत्तर (सुदामानगर):
काही जण प्रशिक्षण सक्तीचे करा म्हणतात, ते मला पटत नाही. अमेरिकेतील स्नॅप या अन्नसाहाय्य योजनेत, ज्यांच्यावर मुलांचा भार नाही अशा धडधाकट प्रौढांनी महिन्याला 80 तास काम किंवा प्रशिक्षण केले नाही, तर त्यांना 36 महिन्यांत साधारणतः तीनच महिने मदत मिळते. अशा अटीने कौशल्य वाढण्याऐवजी ताट रिकामे होण्याचीच शक्यता अधिक. त्याच योजनेच्या प्रशिक्षणात प्रवास आणि मूल सांभाळण्याचा खर्च देण्याची सोय आहे. उचलायची तर ती उचलावी.

प्रश्नकर्त्या:
दुपारची वेळ लगेच ठरवता येईल. जुकीसाठी एखाद्या कारखान्याला विचारते. मुलांना सांभाळायला मंडळातल्याच दोघीजणी तयार होतील, असे वाटते.