झऱ्याचे पाणी अडवण्यापूर्वी ते मोजावे

झऱ्याच्या तोंडाशीच उंच भिंत बांधून पाणी साठवावे, अशी एक सूचना केली जाते, पण ती मला धोक्याची वाटते, कारण उगमाच्या पातळीपेक्षा वर पाणी तुंबले की त्याचा उलटा दाब येतो आणि झरा दुसरीकडे वाट काढतो. एकदा हललेला झरा सहसा परत आणता येत नाही. म्हणून जादा पाणी बाहेर सोडणारा सांडव्याचा पाइप उगमाच्या खालीच हवा आणि साठवण टाकी उतारावर, वेगळी हवी.

टाकीचा आकार ठरवताना भर उन्हाळ्यातला विसर्ग, म्हणजे ठरावीक वेळात झऱ्यातून येणारे पाणी, धरावा. वीस लिटरची बादली भरायला 40 सेकंद लागत असतील, तर दिवसाला 43,200 लिटर पाणी मिळते, मात्र त्यातले रात्रीचे पाणी साठवले तरच सकाळची गर्दी भागते.

उगमाच्या वरच्या अंगाला चर खणून पावसाचे वाहते पाणी बाजूला काढावे, कुंपण घालून गुरे दूर ठेवावीत आणि त्या चढावर शौचालय मुळीच नसावे. मोठ्या पावसानंतर काही तासांतच पाणी गढूळ होत असेल, तर वरचे पाणी आत शिरते आहे असे समजून आधी ती वाट शोधावी. नुसते क्लोरीन टाकून हा दोष जात नाही.