बोलता येत नाही तेव्हा बोट कुठे ठेवायचं? घरच्या आजारपणात चित्रांचा आधार (अनुभव धागा)

अमळनेर, सून

गेल्या वर्षी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासऱ्यांना, आबांना, लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकदम गेली. तोंड वाकडं झालेलं पाहून आम्ही ‘वारा लागला’ म्हणत तेल चोळत बसलो. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे कळलं तेव्हा पाच तास उलटून गेले होते. हे आधी लिहिते, कारण ज्या घरात कुणाचं तोंड वाकडं होईल, हात लुळा पडेल, बोलणं अडखळेल, त्यांनी आमच्यासारखं थांबू नये.

आबांनी चाळीस वर्षं बाजार समितीत लिलाव पुकारले. घरी आणलं तेव्हा ‘हां’ आणि ‘नही’ एवढंच तोंडातून यायचं, आणि तेही उलटसुलट. हवं असलं तरी ‘नही’ म्हणायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. पाणी मागितलं की आम्ही चादर द्यायचो. एकदा तांब्या भिरकावला. सासूबाई एकच वाक्य म्हणत राहायच्या, “त्यासले बठ्ठं समजस, फक्त बोलता येत नही.” म्हणजे, त्यांना सगळं समजतं.

मी मोठ्या अक्षरांत ‘पाणी’, ‘जेवण’, ‘संडास’ लिहून पाटी केली. काही उपयोग झाला नाही. मला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला. नंतर स्पीच थेरपिस्ट ताईंनी समजावलं की वाचाघातात बोलण्यासोबत वाचणं-लिहिणंही जाऊ शकतं. अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. मग दवाखान्यातून एक छापील चित्रतक्ता मिळाला. त्यात सफरचंद, सँडविच, शॉवर, टिश्यू पेपर. आबांनी तो पाहिला आणि तोंड फिरवलं. आमच्या घरात यातलं होतं तरी काय?

म्हणून मोबाईलवर घरातलेच फोटो काढले. आमचा पितळी तांब्या, कळण्याची भाकरी, ओसरीतली खाट, कूलर, मोरी, त्यांची टोपी, नातू. स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढे छापून लॅमिनेट करून आणले. पहिल्या दिवशी वीसच्या वीस समोर मांडले तर त्यांची नजर भिरभिरायला लागली. मग एका पानावर चारच ठेवले. तरी ते दोन फोटोंकडे बघायचेच नाहीत. आठ दिवसांनी लक्षात आलं की उजव्या बाजूचं त्यांना दिसतच नव्हतं. पान डावीकडे सरकवून धरलं आणि फरक पडला.

त्या दिवशी त्यांनी कूलरवर बोट ठेवलं. मी वेग वाढवला तर जोरजोरात मान हलवली. पुन्हा कूलर, आणि मग बोट सासूबाईंकडे. झोत सासूबाईंच्या गुडघ्यांवर येत होता, तो फिरवा म्हणत होते. दोन महिन्यांत त्यांचं आम्हाला कळलेलं पहिलं पूर्ण वाक्य ते.

तुमच्या घरात कुणाला सांभाळताना चित्र, फोटो, रंग, खूण अशा कशाची मदत झाली असेल तर लिहा. काय चाललं नाही, तेही लिहा.

भुसावळ, मुलगा

वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन चार वर्षं झाली. रात्री दोनला उठून ड्यूटीवर निघायचे. कुलूप लावलं की दार ठोकायचे, शेजार जागा व्हायचा, आणि त्यांच्या डोळ्यांत आम्ही शत्रू व्हायचो.

पत्र्याची एक गोल तबकडी लाल रंगवून दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या नजरेच्या उंचीवर लावली, वर छोटा दिवा. ज्या माणसाची सगळी उमेद लाल दिसताच थांबण्यात गेली, तो थांबला. विचारायचे, “लाईन क्लिअर मिळाली का?” मी म्हणायचो, “अजून नाही, अण्णा.” मग खुर्चीत बसायचे आणि तिथेच डुलकी लागायची. आपण त्यांना फसवतोय का, हा प्रश्न मला बरेच दिवस टोचला. पण कुलपाने त्यांचा अपमान होत होता. सिग्नल पाळणं तर त्यांचं स्वतःचं काम होतं.

संडासाच्या दारावर कमोडचा फोटो आणि रात्री हिरवा दिवा. ते दार आधी भिंतीच्याच रंगाचं होतं, त्यांना सापडायचंच नाही. उंबऱ्यापुढचं काळं पायपुसणं काढून टाकलं, कारण त्यांना तो खड्डा वाटायचा आणि ते पाय उंच उचलून पडायला व्हायचे. रात्री आरशातल्या माणसाशी भांडायचे, तिथे पडदा लावला.

जेवणाचं सांगायचंच राहिलं. पांढऱ्या ताटलीत दहीभात वाढला की तसाच राहायचा. मुलीने वाचून दाखवलं की बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांना गडद लाल भांड्यांत जेवण दिलं, तर खाणं सुमारे पाव हिश्श्याने वाढलं होतं. पांढऱ्यावर पांढरं त्यांना दिसतच नाही. लाल ताटली आणली. दहीभात संपायला लागला.

खरं तेही लिहितो. आठ महिन्यांनी लालचा अर्थही पुसट झाला. एक पहाट ते तबकडीसमोरून सरळ निघून गेले आणि मालगोदामाकडच्या रस्त्यावर सापडले. खिशात फोटो आणि फोन नंबर असलेलं कार्ड होतं म्हणून लवकर घरी आले. त्यानंतर दाराला घंटी लावली. तबकडी अजून आहे, पण आता तिच्यावर विसंबत नाही.

चोपडा

अमळनेरच्या ताई, फोटोच हवेत का? माझी मुलगी चित्रं छान काढते. आईला दाखवली तर ती नुसती कौतुक करते, मागत काहीच नाही.

अमळनेर, सून

चित्र सुंदर असलं की ते बघायची वस्तू होतं, असं मला वाटतं. आईंच्या रोजच्या कपाचा फोटो काढून बघा. मागे काही ठेवू नका, साध्या चादरीवर फक्त कप. आणि त्यांनी बोट ठेवलं की चहा लगेच द्या, नकोसा असला तरी. बोट ठेवल्यावर काहीतरी घडतं हे आधी पटायला हवं.

धुळे, आई

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न. त्याला ऐकू उत्तम येतं. पण ‘आधी अंघोळ, मग नाश्ता, मग गाडीवर चक्कर’ हे वाक्य हवेत विरून जातं आणि त्याच्या हाती फक्त ‘गाडी’ उरते. मग गाडी लगेच मिळाली नाही की डोकं भिंतीवर. शब्द उच्चारला की संपतो, चित्र मात्र समोर थांबून राहतं, हे मला बाकी कशाहीपेक्षा उशिरा कळलं.

आता भिंतीवर उभी पट्टी आहे. वरून खाली दिवसाची कार्डं, मागे चिकटपट्टी. एक काम झालं की तो कार्ड काढून डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकतो. तो टण् आवाज त्याला फार आवडतो. फार चिडलेला असला की पूर्ण पट्टी नाही, दोनच कार्डं: आधी हे, नंतर ते. ‘नंतर’मध्ये त्याच्या आवडीचं असतं आणि ते द्यायचंच, एकदाही चुकवायचं नाही. मी एकदा चुकवलं. त्याने पुढचे चार दिवस पट्टीकडे बघितलं नाही.

मागणं शिकवायला वेगळी कार्डं. बिस्किटाचं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं, मग बिस्किट मिळतं. ही पद्धत १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेर राज्यात तयार झाली. सुरुवातीला दोन माणसं लागतात, एक समोर बसून कार्ड घेणारा आणि एक मागून मुलाचा हात धरून नेणारा. मागचा माणूस बोलत नाही. आमच्याकडे मागचा माणूस म्हणजे माझा दीर. सासूबाईंना भीती होती की चित्रांची सवय लागली तर पोरगा कधीच बोलणार नाही. ही भीती खूप घरांत असते. चित्रांमुळे बोलणं अडत नाही. आमच्या पोराने ‘पानी’ हा शब्द कार्ड देता देताच पहिल्यांदा उच्चारला.

कानबाईचं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. भाऊबंदकी गोळा होते, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. दोन वर्षं त्या दिवशी मी त्याला घेऊन माहेरी जाऊन बसले, आणि घरच्या देवीला मी नाही याचं फार वाईट वाटायचं. या वर्षी जुन्या फोटोंतून आठ पानांची वही केली: चौरंग, नथ घातलेली कानबाई, रोट, पाहुण्यांच्या चपलांचा ढीग, ढोल, नदी, रिकामा चौरंग. पंधरा दिवस रोज रात्री दाखवली. शेवटचं पान मुद्दाम त्याच्या अंथरुणाचं. सोबत ‘बाहेर’ असं एक कार्ड त्याच्या गळ्यात. ढोल सुरू झाल्यावर पाच मिनिटांत तो आजोबांपाशी गेला आणि कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. आजोबा आरती सोडून उठले आणि त्याला गच्चीवर घेऊन गेले. आरती सोडून उठणारे माझे सासरे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

धडगाव, अंगणवाडीताई

मी घरच्या माणसाबद्दल नाही, पाड्यावरच्या आज्यांबद्दल लिहिते. आईबाप मजुरीला गुजरातेत जातात, नातवंडं आजीपाशी. आजी पावरी बोलते, आमचे तक्ते मराठीत. तिच्याशी खरं बोलते ती कुपोषण ओळखायची दंडाची पट्टी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळाच्या डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. आकडा वाचायची गरज नाही.

आधी मीच मोजायचे. मग एका आजीला मोजायला दिलं. तिने पट्टी ओढून करकचून बांधली, बाळ लालमध्ये गेलं, आणि ती घाबरली. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये, हे तिला चारपाच वेळा करून दाखवावं लागलं. आता ती स्वतः मोजते. मागच्या पावसाळ्यात, रस्ता तुटलेला असताना, ती पिवळ्यावरून लालवर सरकलेलं बाळ पाठीशी बांधून माझ्याकडे आली. मी तिच्या पाड्यावर जाणार होते त्याच्या आठ दिवस आधी.

एक मात्र पट्टी सांगत नाही. दोन्ही पावलांवर सूज असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल तर पट्टी हिरवी असली तरी बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. हे मी दाराच्या फळीवर कोळशाने पाऊल आणि खळगा काढून दाखवते.

रावेर, मुलगी

वडिलांना इन्सुलिन आहे. टोचते आई, तिला वाचता येत नाही. मी सुरतेला असते. आमच्याकडे दुकानात दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात: लाल टोपीची ४० च्या बाटलीसाठी (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट), केशरी टोपीची १०० च्या. बाटली बदलून १०० ची आली, सिरिंज जुनी लाल टोपीचीच. आईने नेहमीप्रमाणे विसाच्या रेघेपर्यंत भरलं. म्हणजे अडीचपट, पन्नास युनिट. वडील घामाने निथळले, भलतंच बोलायला लागले. घोट घेण्याइतकी शुद्ध होती म्हणून आईने साखरपाणी पाजलं. पुढचा दिवस दवाखान्यात गेला.

आता फ्रिजवर एकच चित्र आहे. केशरी टोपीची सिरिंज, खऱ्या मापाची, औषध कुठवर भरायचं तिथे जाड रेघ. बाजूला तीच बाटली. खाली लाल टोपी, तिच्यावर मोठी फुली. टोचायच्या आधी आई सिरिंज चित्रावर आडवी धरून रेघ जुळवते आणि मला फोटो पाठवते. डोस बदलला की जुनं चित्र फाडून टाकायचं, फ्रिजवर दोन चित्रं कधीच नकोत.

शिरपूर

आई दीड वर्ष अंथरुणावर होती. सांभाळणाऱ्या आम्ही तिघी: मी, वहिनी, आणि दुपारी येणाऱ्या मावशी. कूस कधी बदलली, कोणी बदलली, यावरून रोज कुरबुर. कागदावर मोठं घड्याळ काढलं, दर दोन तासांच्या घरात आईची आकृती: डावी कूस, पाठ, उजवी कूस. ज्या बाईने कूस बदलली तिने आपल्या रंगाची टिकली लावायची, माझी लाल, वहिनीची हिरवी, मावशींची निळी. उशा कुठे ठेवायच्या याचे फोटो पलंगाच्या डोक्याशी.

पंधरा दिवसांनी घड्याळाकडे पाहिलं तर रात्री बारा ते सहा सगळ्या टिकल्या हिरव्या. वहिनी कधी बोलली नव्हती. भावाने त्या रात्रीपासून दोनची आणि चारची पाळी स्वतःकडे घेतली. चौथा रंग आणावा लागला.

अमळनेर, सून

सगळं दोनदा वाचलं. वहिनींच्या टिकल्यांचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या बराच वेळ गप्प होत्या.

आबांची एक गोष्ट राहिली. गेल्या आठवड्यात मिस्टरांनी बाजार समितीतला फोटो आणला, कापसाचे ढीग आणि मधला मोकळा ओटा. पान समोर धरलं. आबांनी बोट ओट्यावर ठेवलं आणि एकदम, “पन्नास… पंचावन… साठ…” पुकारायला लागले, तोच सूर, ऐंशीपर्यंत. थेरपिस्ट ताई म्हणाल्या की आकडे, भजनं, रोजची घोकलेली वाक्यं कधी कधी वाचाघातातही शाबूत राहतात, त्यावरून ‘पाणी’ आपोआप येईल असं समजू नका. नाही समजत. पण तो फोटो आता पहिल्या पानावर, डावीकडे वर लावला आहे.

रावेरच्या ताई, सिरिंजचं ते चित्र खऱ्या मापाचं कसं काढलं? आमच्या शेजारच्या काकूंनाही १०० ची बाटली सुरू झाली आहे, आणि काल त्यांच्या घरात मला लाल टोपी दिसली.

रावेर, मुलगी

सिरिंज कागदावर ठेवून पेन्सिलीने कड मारा. रेघ मात्र तुम्ही ठरवू नका, डॉक्टरांसमोर ओढून घ्या. आणि काकूंच्या घरातल्या लाल टोपीच्या सिरिंजा आजच उचलून आणा.