पुणे ते सॅन होजे: एकूण किती तास धरायचे? तातडीने हवंय

मृण्मयी_पुणे:
आई (वय 68) भावाकडे सॅन होजेला चालली आहे. इन्सुलिनवर आहे. डॉक्टर म्हणाले, घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंत एकूण तास सांगा, मग डोसच्या वेळा लिहून देतो. उद्या 11 ची अपॉइंटमेंट आणि मला तोच आकडा मिळत नाहीये! नेटवर मुंबई-सॅन फ्रान्सिस्को (तिथून पुढे भावाची गाडी) साडेतेरा हजार किमी, 17 तास. तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी केली तर दहा तासही होत नाहीत. एजंट म्हणतो दीड दिवस. खरं काय धरू?

घाटमाथा:
थेट विमान आहे का? नसेल तर बदलायचं कुठे? तारीख, वेळा काहीच नाही. आधी ते टाका.

बाणेरकर_412:
मुंबई कशाला? पुण्याहून दिल्ली, तिथून थेट सॅन फ्रान्सिस्को. सासऱ्यांना आम्ही तसंच पाठवलं. घाटातलं ट्रॅफिक नाही की काही नाही.

मृण्मयी_पुणे:
तिकीट काढून झालंय हो. 14 जून, मुंबईहून 02:50. फ्रँकफर्ट 08:00. तिथून 10:15. सॅन फ्रान्सिस्को 12:30, तारीख तीच.

निवृत्त_मास्तर:
तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. म्हणजे त्या पोचतील तेव्हा पुण्यात 14 ची रात्र उलटून 15 तारखेचा एक वाजलेला असेल. मुंबई सोडल्यापासून 22 तास 10 मिनिटं. नेटवरचा आकडा थेट उड्डाणाचा. फ्रँकफर्टमार्गे आधी साडेसहा हजार, मग नऊ हजारांच्या वर, असे दोनेक हजार किमी वाढतात. परतीला हा हिशेब वापरू नका. वरचा वारा पश्चिमेकडून येतो, येताना विमानाला पाठीमागून रेटा मिळतो.

सदाशिव_पेठ:
लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, पुरंदरचा नवा विमानतळ अजून कागदावर. एवढं मोठं शहर, आणि म्हाताऱ्या माणसांनी रात्री घाट उतरायचा!

बाणेरकर_412:
म्हणूनच दिल्ली म्हणत होतो. असो. इन्सुलिन निम्मं करा, माझ्या आईला चाललं होतं.

औंधची_नर्स:
इथे डोस सांगू नका, प्लीज. प्रत्येकाचं वेगळं असतं. मृण्मयी, इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेव, सामानात गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. व्हीलचेअर आजच सांगून ठेव, सव्वादोन तासांत फ्रँकफर्टला विमान बदलायचंय.

घाटमाथा:
ताई, मुंबईची गाडी कधीची सांगितलीय?

मृण्मयी_पुणे:
14 ला संध्याकाळी 6.

घाटमाथा:
अहो, 14 चे 02:50 म्हणजे 13 ची रात्र उलटल्यावर! गाडी 13 ला हवी. माझा मेहुणा असाच एक दिवस उशिरा विमानतळावर पोचला. काउंटरवर बाईंनी तिकिटावरच्या तारखेवर पेन ठेवलं, तेव्हा त्याला कळलं.

मृण्मयी_पुणे:
हात थरथरतायत. गाडीवाल्याला आत्ताच फोन केला, 13 ला संध्याकाळी 6 ठरलं. म्हणजे घरापासून विमान उतरेपर्यंत 31 तास. पुढे इमिग्रेशन आणि भावाच्या गाडीचे दोन धरून उद्या 33 सांगते.

औंधची_नर्स:
बरोबर. आणि आईंचं मनगटी घड्याळ पोचेपर्यंत पुण्याच्याच वेळेवर राहू दे. डॉक्टरांनाही त्याच वेळेने लिहून द्यायला सांग.