सिगारचा आकार आणि ‘सगळं एकच’ म्हणणारे

अडकित्ता (धागाकर्ता)

काल खाणेपिणे विभागात एका सदस्याने लिहिलं, ‘सिगार लांब घ्या, जाड घ्या, टोकदार घ्या, पान तेच, तंबाखू तोच. आकाराचे चोचले म्हणजे गिऱ्हाईक कापायची युक्ती.’ त्याखाली लगोलग ‘सहमत’ची रांग. उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

उकडीच्या मोदकाची पारी जाड झाली की सारण तेच असूनही मोदक पिठूळ लागतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सिगारचं बाहेरचं पान म्हणजे पारी, आणि चवीत तिचा वाटा मोठा. रिंग गेज म्हणजे इंचाचे 64 भाग करून मोजलेली जाडी. रोबस्टो (आखूड, जाड आकार) साधारण 50, म्हणजे जेमतेम वीस मिलिमीटर. लान्सेरो (लांब, बारीक) 38. जाडी वाढते तसा परीघ त्याच पटीत वाढतो, पण पोटातला ऐवज वर्गाच्या पटीत. त्यामुळे 60च्या ढोल्या सिगारशी तुलना केली तर 38च्या काडीत तेवढ्याच सारणामागे पारी दीडपटीहून जास्त. आठवीचं गणित आहे, युक्ती कसली?

वर बारीक सिगार घाई खपवून घेत नाही. मिनिटाला एक झुरका, त्याहून भरभर ओढलीत तर तापते आणि जिभेवर कडू जाळ. जाड सिगार थोडं सांभाळून घेते.

आता टोकदार, म्हणजे टॉर्पेडो. सिगारचं ओठाकडचं बंद टोक ओढण्याआधी कापावं लागतं. माझी पहिली टॉर्पेडो मी गिरगावच्या घरी आजीच्या पितळी अडकित्त्याने कापली (आयडी तिथूनच आला). कटर घेण्याइतकी अक्कल नव्हती. निमुळता भाग संपतो त्याच्याही खाली पातं बसलं आणि दोन झुरक्यांत काष्टा सुटावा तसं बाहेरचं पान सुटत आलं. ओठाला तंबाखूच्या काड्या, आणि पात्याला सुपारीचा वास होता तोही फुकटात. पुढच्या वेळी घाबरून नखाएवढंच टोक उडवलं, तर ओढून ओढून गाल दुखले. म्हणजे एकाच सिगारमध्ये धूर किती यावा हे कापणाऱ्याच्या हातात. बोथट डोक्याच्या सिगारमध्ये ही मुभा एवढी नाही. हा आकाराचा गुण नाही तर कुणाचा?

खवट_खोबरं

तो ‘एक सदस्य’ मीच. नाव घ्यायचं होतंत, मी लाजत नाही.

गणित बरोबर आहे, शंभर पैकी शंभर. पण अर्धी गोष्ट सांगितलीत. सिगारच्या पोटात लिगेरो हे जाड, कडक, सावकाश जळणारं पान मधोमध घालतात. बारीक सिगारमध्ये त्याला जागाच कमी, म्हणून सिगार वळणारे पानांचं मिश्रणच बदलतात. एकाच नावाची रोबस्टो आणि लान्सेरो म्हणजे दोन वेगळ्या भाज्या. चव बदलली ती मसाला बदलला म्हणून, आणि श्रेय तुम्ही पातेल्याला देताय.

अडकित्ता

आणि मसाला का बदलला? पातेलं बदललं म्हणून! तुम्हीच लिहिलंय की जागा कमी.

खवट_खोबरं

शब्दांचे खेळ. असो.

सोवळ्यातला

धूम्रपानाच्या धाग्यात मोदक ओढायची काय गरज होती? करंजी होती, सामोसा होता. प्रत्येक गोष्टीत बाप्पाचा नैवेद्य कशाला?

धूम्रवर्ण

काका, माझा आयडी वाचून तुमचा दिवस आणखी वाईट जाणार. हलकेच घ्या.

गिरणीवाला

वाचून करमणूक झाली. आमचे वडील लालबागला गिरणीत होते, साच्यावर. पाळी सुटली की गेटाबाहेर उकिडवे बसून बिडी. तीही एका बाजूला निमुळतीच, तिला कुणी टॉर्पेडो म्हटलं नाही. तेंदूचं पान लगेच विझतं, म्हणून सारखी ओढत राहावी लागते. तुमच्या त्या ‘मिनिटाला एक झुरका’ला वेळ कुणाला होता?

आणि चिरूट हा शब्द आला तमिळमधून, सुरुट्टु म्हणजे गुंडाळलेलं. त्रिचनापल्लीची चिरूट दोन्ही टोकांना उघडी, कापायची भानगडच नाही. चर्चिल 1896 साली बंगलोरला लष्करात होता. पुढे क्युबाच्या लांबलचक सिगारला त्याचं नाव मिळालं. आमच्या त्रिचीच्या चिरुटीला काय मिळालं? टपरीवरची बरणी.

अडकित्ता

चिरुटीबद्दल मान्य. तिच्याकडे आपण दुर्लक्ष केलं, मीही त्यात आलो.

तिसरा_मजला

मी सिगार ओढत नाही. तरी आकाराचा अनुभव माझ्याइतका इथे कुणाला नसेल.

आम्ही मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रात्री साडेआठला गॅलरीत खुर्ची टाकतात. माझा वाळत घातलेला टॉवेल, मुलाचा युनिफॉर्म, दिवाणखान्याचे पडदे, सगळ्याला तो ओल्या गोणपाटासारखा वास. पावसाळ्यात तर कपडे आधीच दोन दिवस वाळत नाहीत, त्यात हे. मी घड्याळ लावून मोजलंय. आखूड, जाड सिगार असते तेव्हा पाऊण-एक तास. लांब असते तेव्हा दीड तास, म्हणजे तीन मालिका आणि त्याही खिडक्या बंद करून, जूनच्या उकाड्यात. तुमचं 38 आणि 50 तुमच्यापाशी. आमच्याकडे आकार मिनिटांत मोजतात.

धूम्रवर्ण

ताई, सहानुभूती आहे. पण 2 ऑक्टोबर 2008 पासून जी बंदी आली ती सार्वजनिक जागांसाठी. स्वतःची गॅलरी ही स्वतःची गॅलरी. तुमच्याकडे सुके बोंबील तळले तर खालचे बोलतात का?

तिसरा_मजला

बोंबील दीड तास तळत नाहीत. आणि बोंबलाच्या वासाने फुप्फुस काळं होत नाही.

सोवळ्यातला

बोंबलावरून आठवलं, आमच्या सोसायटीत

गिरणीवाला

नको. हात जोडतो. तो धागा वेगळा काढा.

धूम्रवर्ण

मग सिगार ओढणाऱ्याने जायचं कुठे? ऑफिसात बंदी, हॉटेलात बंदी, घरात बायको, गॅलरीत वरच्या ताई. गच्चीला सोसायटीने कुलूप घातलंय. समुद्रात उभं राहून ओढू?

तिसरा_मजला

भरतीच्या वेळी जा.

धूम्रवर्ण

[प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे]

पेन्शनर_दादर

वरचा काढलेला प्रतिसाद मी वाचला होता. एका बाईशी असं बोलतात? लाज वाटायला हवी.

मी एवढंच सांगतो. माझा मोठा भाऊ सिगारवाला. ‘आपण धूर आत घेत नाही, तोंडातच खेळवतो’ हे त्याचं पालुपद. धूर आत न घेताही निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं, आणि रोगही तिथेच धरतो. त्याला जिभेच्या कडेला झाला. परळला टाटाच्या फेऱ्या मी केल्या, डबा घेऊन, आठ महिने. शेवटी शेवटी पेजसुद्धा गिळवत नव्हती. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो, हे तिथल्याच एका डॉक्टरांनी सांगितलं. आकारावर चर्चा करायचीच तर ही करा.

अडकित्ता

दादा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आठवड्याला एक ओढतो, असं लिहिणार होतो. पण तुमचे भाऊही कधीतरी हेच म्हणाले असतील.

पेन्शनर_दादर

रविवारची एक म्हणायचा.

नवा_सभासद

मूळ विषयावर येऊ का? मित्राने परदेशातून आणलेल्या चार सिगार कपाटात ठेवल्या होत्या. जुलैत बघतो तर 60ची जाड सिगार फुगून बाजूने उकललेली, बारीक मात्र धडधाकट. हाही आकाराचाच प्रताप का?

खवट_खोबरं

प्रताप मुंबईच्या हवेचा. सिगारला सत्तर टक्क्यांच्या आत दमटपणा लागतो, जुलैत आपल्याकडे ऐंशीच्या वर. पोट फुगतं आणि बाहेरच्या पानाला ताण सोसत नाही. हवाबंद डबा घ्या, त्यात दमटपणा सांभाळणारी पुडी टाका. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. मी ठेवल्या होत्या, पोरकिडे निघाले आणि बायको अजून ऐकवते.

अडकित्ता

म्हणजे ढोल्या सिगारला फुगायला ऐवज जास्त आणि बारीक टिकली. आकाराने फरक पडतो, हे आता तुम्हीच लिहिलंत.

खवट_खोबरं

फुटण्यात फरक पडतो असं लिहिलंय. चवीत नाही.

बरं, एक करू. एकाच नावाची एक रोबस्टो आणि एक लान्सेरो आणा. डोळ्यांवर पट्टी बांधून ओढतो. ओळखली तर तुमचा धागा खरा. सिगारचा खर्च तुमचा, पट्टी माझी.

गिरणीवाला

बोटांत धरल्यावर जाडी कळेल ना हो! पट्टी बांधून काय फायदा?

खवट_खोबरं

…हे लक्षात आलं नव्हतं. कुणीतरी तोंडाशी धरायची मग.

गिरणीवाला

ओठांना कळेल.

अडकित्ता

😂 हाच तर आकाराचा अनुभव, साहेब. आता तो बाजूला कसा काढताय ते बघू.

तिसरा_मजला

तुमचं झालं असेल तर एक विचारते. नाव असलेल्या आकारांत लवकर संपणारा कुठला? दिवाळीला खालच्या गृहस्थांना खोका द्यायचा विचार आहे. भांडून झालं, सेक्रेटरीकडे अर्ज करून झाला, आता हेच राहिलंय.

पेन्शनर_दादर

ताई, तुम्हीसुद्धा?

तिसरा_मजला

ते माझ्या सांगण्याने सोडणार नाहीत, काका. निदान पडदे तरी वाचवते.

अडकित्ता

पेटिट कोरोना. पाच इंचांच्या आसपास, 42 रिंग. सावकाश ओढली तरी अर्ध्या-पाऊण तासात आटपते. लान्सेरो चुकूनही देऊ नका. बारीक दिसते, पण साडेसात इंच आहे.

तिसरा_मजला

अर्धा तास म्हणजे एक मालिका. चालेल.